सोंड हलली नाही

विमान नाकावर उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. मोबाइलवर नाही, तारेच्या कुंपणाला धरून, दिवसाढवळ्या. आणि ते चालवणारी माझी मैत्रीण होती.

आमच्या जिल्ह्यात विमानतळ वगैरे नाही. हिंगोलीच्या बाहेर एका माळावर डांबराची एक जुनी पट्टी आहे. ती कुणासाठी केली होती याबद्दल गावात दर माणसागणिक वेगळी गोष्ट ऐकायला मिळते. वर्षानुवर्षं तिच्यावर शेळ्या बसायच्या आणि हंगामात शिजवलेली हळद वाळत पडायची. मग दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वैमानिक घडवणाऱ्या शाळेनं ती सरावाला घेतली. त्यांची पोरं तिकडून उडून येतात, इथं उतरतात, पाणी पितात आणि परत जातात. हळद हटवली तेव्हा मी शाळेविरुद्ध पत्रक काढलं होतं. पत्रक काढणं हे माझं कामच आहे. आमची तरुणांची एक संघटना आहे. एसटीचा पास, वसतिगृहातलं पाणी, मुलींच्या संडासाची कडी, जे कुणी बोलत नाही ते आम्ही छापून वाटतो. पहिल्या ओळीत जबाबदार कोण ते सांगायचं, शेवटी मागण्या. मला दुसऱ्या पद्धतीनं लिहिता येत नाही. हेही तसंच लिहायला बसले होते, जमत नाहीये.

मैत्रीण सेनगावकडच्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यावरची. अकरावीला आम्ही एका बाकावर बसायचो. मी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या मुसलमानाची पोरगी, ती तांड्याची. बाकीच्या पोरींनी आम्हाला आपोआप शेजारी बसवलं होतं. ती गणितात हुशार आणि तोंडानं माझ्याहून तिखट. शिष्यवृत्ती मिळवून ती त्या विमानाच्या शाळेत गेली, तेव्हा तांड्याच्या नायकानं, म्हणजे तिथल्या प्रमुखानंही तिच्या बापाला विचारलं होतं, "शिकून कंडक्टर झाली असती, हे काहून?"

विमान नाकावर उभं राहिलं त्याच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"उद्या दुपारी मी तिकडं येऊन राहिले. एकटी. बाजूला सर न्हाईत."

"मग मी काय करू? ढोल आणू?"

"याडीला घेऊन ये. कुंपणाच्या बाहेर उभ्या राहा. आन हात हलवू नका, मला हसू येतं."

याडी म्हणजे तिची आई. मी तिला मावशी म्हणते. दुसऱ्या दिवशी तिला मोटरसायकलवर मागं बसवून मी माळावर नेलं. उन्हाळा लागला होता. दुपारचा वारा असा की माझी ओढणी दर थोड्या वेळानं तोंडावर येऊन थापड मारल्यासारखी आपटायची. मावशीनं पदर दातात धरला होता, त्यामुळं तिचं अर्धं बोलणं पदरातच राहायचं.

पट्टीच्या टोकाला खांबावर कापडाची एक लांब नळी लावलेली असते. वारा तिच्यात शिरला की ती फुगून आडवी होते. कुठून वारा येतोय, किती येतोय, ते उतरणाऱ्याला वरूनच कळतं. आमच्या इथं सगळे तिला सोंड म्हणतात. सोंड नवी होती, भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची. ती खांबाला चिकटून सरळ खाली लोंबत होती. मी ती पाहिली. ओढणीही तोंडावर आपटत होती. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी दिसत होत्या आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

शाळेचा चौकीदार हातात वायरलेसचा सेट घेऊन खांबाजवळ उभा होता. वरून आवाज आला की तो सोंडेकडं बघायचा आणि सेटमध्ये बोलायचा. "हवा शांत हाय मॅडम. उतरा."

विमान दिसलं. दोन सीटांचं, पांढरं.

"एवढ्याशा डबड्यात माझी लेक हाय?" मावशी म्हणाली.

"व्हय मावशी."

"कोंबड्याचा खुराडा मोठा असतोय याच्यापरीस."

मी हसले. मावशी हसली नाही, तिचं सगळं ध्यान वर होतं. विमान खाली येत होतं, पण सरळ येत नव्हतं. नाक एकीकडं आणि अंग दुसरीकडं, जसं कुत्रं पळताना तिरकं पळतं. मला वाटलं असंच असेल. एक चाक टेकलं. दुसरं टेकायच्या आत वाऱ्याकडचा पंख वर उचलला गेला, जणू कुणी खालून हात घातला. विमान पट्टी सोडून मातीत गेलं, पुढचं चाक चरात अडकलं, आणि शेपूट वर. आवाज मोठा नव्हता. पत्र्याचा डबा पायाखाली यावा एवढाच. मग धूळ. मग काहीच नाही.

मावशीनं पदर दातातून सोडला नव्हता. ती तशीच, पदर तोंडात धरून, कुंपणाच्या तारेखालून सरपटत आत गेली. मी वर चढून गेले. माझी सलवार तारेत फाटली हे मला दवाखान्यात कळलं.

मैत्रीण सीटच्या पट्ट्यांत अडकून जवळजवळ उलटी लटकली होती. डोळे उघडे. मला बघून म्हणाली, "मोटर बंद केली का मी?" मला काय माहीत. चौकीदार ओरडत होता की तेलाचा वास येतोय, लांब व्हा. मावशी लांब झाली नाही. तिनं लेकीचं डोकं दोन्ही हातांनी खालून धरून ठेवलं, आम्ही पट्टे सोडवेपर्यंत.

हिंगोलीच्या दवाखान्यात कळलं की खांद्याजवळचं हाड आणि मनगट मोडलं आहे. बाकी धड. मावशी एका कोपऱ्यात बसून होती. आणि आम्ही दवाखान्यातून बाहेर येण्याच्या आत व्हिडिओ गावभर झाला होता. माळावरच्या कुणीतरी काढलेला. खाली लोकांनी लिहिलेलं मी वाचलं. बैल हाकायचे ते विमान हाकायला गेली. पोरींना स्कुटी सांभाळत नाही. तांड्यावर विमानतळ करा. माझ्या ओळखीची माणसं होती त्यात. एकानं तर आमच्या मोर्चात घोषणा दिल्या होत्या.

संध्याकाळी तिचे शिकवणारे सर आले. माणूस मऊ बोलणारा. खाटेजवळ उभं राहून म्हणाले, "आडवा वारा होता बाळा. चांगलाच होता. तुला कळायला पाहिजे होतं."

"सर, सोंड लटकलेली होती."

"वारा होता."

"सोंड हलत न्हवती सर. चौकीदाराला विचारा."

"चौकशीला साहेब येतील. त्यांचं होईपर्यंत तुझं उडणं बंद." मग थोडं थांबून, "वारा ओळखता येत नसेल तर पुढं शाळेला विचार करावा लागेल."

विचार करावा लागेल म्हणजे काय ते आम्हा तिघींनाही कळलं. ती भिंतीकडं तोंड करून झोपली. खांदा दुखत असताना कुणी त्या कुशीवर झोपत नाही, ती झोपली.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा माळावर गेले. राग आला की मी जागेवर जाऊन बघते, घरी बसून लिहीत नाही. वारा कालच्यासारखाच. मी ओढणी काढून कुंपणाच्या तारेला बांधली. ती पतंगासारखी आडवी झाली. मागं सोंड, खांबाला लागून, लोंबती. वारा जोरात आला की जरा अंग हलवायची, म्हशीनं माशी उडवावी तशी, आणि पुन्हा खाली.

चौकीदार बाजूला येऊन उभा राहिला. त्यालाही आता दिसत होतं. त्याचा चेहरा उतरला.

"ही नवी कुठून आणली?" मी विचारलं.

"जुनी फाटली होती. शाळेच्या मानसानं गावातूनच शिवून आणली. मजबूत हाय म्हनला."

माझं पत्रक गाडीवरच तयार झालं. वारा दाखवायचं साधन गावात कुठंतरी शिवून घ्यायचं, तपासायचं नाही, आणि हाड मोडलं की पोरीला नालायक ठरवायचं. मी घरी येऊन एका बैठकीत लिहिलं.

माझे अब्बा मोंढ्यात ताडपत्र्या शिवतात. हळदीच्या, धान्याच्या थप्प्यांवर टाकायच्या. अवकाळी आभाळ आलं की मोंढ्यात पळापळ होते, वारा सुटतो, आणि हलक्या ताडपत्र्या उडून रस्त्यावर जातात. अब्बांची उडत नाही. कडेला जाड दोर, आतून दुहेरी, कोपऱ्यात चामडं. शेतकरी, व्यापारी सगळे सांगतात की मियांची ताडपत्री वाऱ्याला ऐकत नाही. मी प्रत्येक पत्रक छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवते. ते मशीन चालू ठेवून ऐकतात आणि लांबलेलं वाक्य आलं की म्हणतात, काट.

मी वाचायला लागले. शीर्षक होतं, जबाबदार कोण. मशीन चालू होतं. मी वाचलं, "वैमानिकांचा जीव ज्यावर अवलंबून, ती सोंड कुण्या अडाण्याकडून शिवून घेण्यात आली."

मशीन थांबलं. अब्बांनी चाकावर हात ठेवला होता.

"अडाणी लिखी?"

"हौ अब्बा. और क्या लिखूं?"

"लफ्ज बराबर है," ते म्हणाले. "वो मैंच सिया."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते सांगत गेले, मान खाली घालून, सुईतला दोरा नीट करत, जो नीटच होता. शाळेचा माणूस फाटकी सोंड घेऊन आला होता. अशीच पाहिजे म्हणाला, पण टिकायला पाहिजे. अब्बांनी जुनं कापड बोटात धरून पाहिलं तर इतकं पातळ, की फाटणारच. त्यांना हसू आलं होतं. मग त्यांनी कापड दुहेरी घेतलं, मध्ये ताडपत्रीचं अस्तर घातलं, तोंडाला दोर ओवला. जन्मभर ज्या कापडाला वाऱ्यानं उचलू नये म्हणून त्यांनी मेहनत घेतली, तसंच हेही कापड मन लावून शिवलं. वाऱ्यानं उचलावं म्हणूनच ते खांबावर टांगायचं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. शाळेच्या माणसानं ओढून बघितली आणि म्हणाला, एकदम पक्की.

"बच्ची को कितना लगा?" अब्बांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी मशीनवरची ताडपत्री घडी करून बाजूला ठेवली. अर्धी शिवलेली वस्तू अब्बा कधी घडी करत नाहीत.

मी लोकांची नावं घेऊन पत्रक काढणारी. नाव न घेता लिहिलेलं पत्रक म्हणजे पावसाळ्यात शेकोटी, असं मीच दुसऱ्यांना शिकवते. त्या संध्याकाळी मी ते वाक्य बदलत बसले. "निकृष्ट सोंड" लिहिलं आणि खोडलं; निकृष्ट कुठं होती, तिच्यात तर एक टाका कमी नव्हता. "बाजारातून आणलेली" लिहिलं. तेही खोडलं. अब्बा बघत होते.

"मेरा नाम डाल," ते म्हणाले.

"अब्बा, लोक काय म्हणतील कळतं का तुम्हाला? आधी तांड्याची पोरगी झाली, आता मियांनी पाडलं म्हणतील. आजकालचे दिवस कसे आहेत."

"मालूम है." ते उठले आणि म्हणाले, "कागद नंतर. आधी मला त्या लेकराकडं ने."

तिला तोवर तांड्यावर आणलं होतं. हात गळ्यात बांधलेला, अंगणात बाजेवर बसलेली. मावशीनं अब्बांना बघून डोक्यावर पदर घेतला, पाणी दिलं, चुलीजवळच्या पोराला चहा ठेवायला सांगितला. अब्बा बाजेवर बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं, तिथल्या बोलीत, जशी ते गिऱ्हाइकाशी बोलतात.

"सोंड मी शिवली बाई. जाड केली. ती उठत न्हाई. माझी चूक हाय."

मावशीनं चुलीकडं बघून पोराला हातानं थांबवलं. चहा ठेवू नको असं.

"म्हंजी तुमी पाडलं माझ्या लेकीला."

"व्हय."

मला मध्ये पडायचं होतं. शाळा जबाबदार आहे मावशी, त्यांनी तपासायला पाहिजे होतं, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. अब्बांनी माझ्याकडं बघितलं आणि मी गप्प बसले.

मैत्रीण एका हातानं टेकून बाजेवर सरळ बसली. मग म्हणाली, "चाचा, तुमी हे मला सांगून काय उपयोग. साहेबापुढं सांगा."

"सांगतो."

"आन मी बी सांगणार हाय." ती माझ्याकडं वळली. "ऐक. सोंड लटकली होती हे खरं. पण विमान तिरकं सरकून राहिलं होतं, ते माझ्या पायाला कळत होतं. पायाखाली दोन दांडे असतात, त्यांनी नाक सरळ ठेवायचं. एका पायावर लई जोर द्यावा लागून राहिला होता. मी म्हणलं, सोंड काहून खोटं बोलल? पायाचं ऐकलंच न्हाई."

"हे बोलू नको," मी म्हणाले. "वेडी झालीस का? ते हेच धरून ठेवतील. सोंड उठत नव्हती, बास. तू निर्दोष आहेस, मी पत्रकात तसंच लिहिलंय."

"दाखव."

मी कागद दिला. तिनं एका हातानं धरून वाचला. गरीब तांड्यातील होतकरू कन्या, व्यवस्थेचा बळी, असं सगळं होतं त्यात. मला ते चांगलं जमलंय असं वाटत होतं.

"बळी," ती म्हणाली. "मला बिचारी करून राहिलीस तू."

"मग काय करू? तुझी शाळा वाचवायची का नाही?"

"बिचारीला कोण विमान देईल गं? तू बसशील का बिचारीच्या मागं?"

मी जन्मात पहिल्यांदा माझाच कागद परत घेऊन खिशात घातला. निघताना मावशी अब्बांना काही बोलली नाही. हो नाही, या नाही.

चौकशीचे साहेब माळावर आले त्या दिवशी आम्ही सगळे होतो. मोडकं विमान कापडाखाली झाकलेलं. साहेब उत्तरेकडचे, पण मराठी समजायचे. अब्बा पुढं झाले आणि तांड्यावर सांगितलं तेच सांगितलं. सोबत उरलेलं अस्तर आणलं होतं, ते दाखवलं. साहेबांनी चौकीदाराला सोंड खाली काढायला लावली. हातात घेऊन तोलली, मग न बोलता शिकवणाऱ्या सरांच्या हातात दिली. सरांचा हात वजनानं खाली गेला.

"लावण्याआधी कुणी बघितली?" साहेबांनी विचारलं.

सर म्हणाले की ते काम व्यवस्थेचं असतं. व्यवस्था म्हणजे कोण, हे साहेबांनी विचारलं. सरांनी पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडं बघितलं, जिथं कुणी नव्हतं. मी हाताच्या मुठी आवळून उभी होते. मला वाटलं, आता फक्त गप्प बस गं. एवढं बस झालं.

ती गप्प बसली नाही. पायाचं सांगितलं. कुठल्या पायावर जोर येत होता, किती उंचीवर होती, मग काय करायला पाहिजे होतं आणि केलं नाही. सरांनी डोळे मिटून घेतले. मला तिथंच तिला ओढून न्यावंसं वाटलं.

साहेब लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "फिर से ऐसा हो तो?"

"वर जाईन सर."

"मतलब?"

"टेकवणारच न्हाई. वर जाऊन पुन्हा फिरून येईन. तरी वारा आडवा असला तर परत जाईन. सोंड काय बी दाखवू."

त्यांनी तेही लिहिलं. चांगलं का वाईट ते चेहऱ्यावरून कळलं नाही. गाडीत बसून गेले.

उत्तर यायला बराच काळ गेला. हाड जुळून आलं, हात गळ्यातून निघाला, तांड्यात तूर पेरून झाली, आणि ती रोज मोबाइल उशाशी घेऊन बसायची. मग साहेबांच्या कचेरीनं कळवलं की ती परत उडू शकते. सरांना बाजूला बसवून जास्तीचे धडे, आडव्या वाऱ्यातले, आणि नंतरच एकटी. शाळेला सांगितलं की सोंड नियमाप्रमाणे आणा. शाळेतल्या कुणाला काही झालं नाही. झालं ते चौकीदाराला. त्याला काढला. हवा शांत म्हणाला म्हणून. जी सोंड त्याला दिली तिच्याकडं बघून त्यानं सांगितलं, आणि नोकरीवरून गेला तो. त्याच्या बाजूनं मी पत्रक काढलं. अब्बांचं नाव त्यात आहे. तिच्या चुकीबद्दलही एक ओळ आहे, तिनंच सांगितलेली. बळी हा शब्द नाही. छापताना प्रेसवाला म्हणाला, घरच्याच माणसाचं नाव टाकलं की. मी म्हणाले, छाप.

दुकानावर कुणी दगड मारला नाही. दोन-चार जण हसून विचारतात, "काय मियां, विमान कसं हाय?" अब्बा त्यांच्याच ताडपत्रीचा कोपरा शिवत राहतात.

मैत्रीण गेली परत. आडव्या वाऱ्यातल्या पहिल्याच दिवशी दोनदा न टेकवता वर गेली. तिसऱ्यांदा उतरली. फोनवर सांगत होती तेव्हा आवाज घाबरलेला होता, आणि ती घाबरली आहे हे लपवत नव्हती.

"सर काय म्हणाले?"

"काही न्हाई. पाणी पी म्हणले." मग विचारलं, "चाचा बरे हायत ना?"

"बरे आहेत. देऊ फोन?"



"आता नको," ती म्हणाली. "याडी अजून बोलत न्हाई. मी बी काय बोलू, कळत न्हाई मला. पुढच्या वेळी दे."

मी फोन ठेवला. अब्बा मशीनवरूनच बघत होते. मी त्यांना सांगितलं की उतरली, नीट उतरली. बाकीचं सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.